सेंट लुईस: तीन लाखांचं शहर की अठ्ठावीस लाखांचं?

अमेरिकेतल्या ‘सर्वांत धोकादायक शहरां’ची यादी दर वर्षी कुठे ना कुठे छापून येते आणि सेंट लुईसचं नाव तिच्यात बहुतेक वेळा वरच्या ओळींत असतं. मग ज्यांची मुलं, भाचे, पुतण्या तिकडे नोकरीला आहेत त्या घरांतून फोन जातात. पलीकडून उत्तर येतं, अहो, इथे रात्री आठनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं, परसात हरणं येतात, शाळा चांगल्या आहेत, कसला धोका घेऊन बसलात? यादी खोटी नसते आणि भाचाही खोटं बोलत नसतो. तो बहुधा चेस्टरफील्ड किंवा बालविनला राहतो. बोलण्यात सगळीकडे त्या भागाला ‘सेंट लुईस’च म्हणतात, पण कायद्याने ती गावं सेंट लुईस शहरात येत नाहीत.

१६ मे २०२५ ला या भागात मोठा टॉर्नेडो झाला. तो शहराबाहेरच्या क्लेटनमधून शिरला, फॉरेस्ट पार्कमधून शहराच्या उत्तर भागात गेला, हजारो घरांची छपरं उडवून नदी ओलांडून इलिनॉय राज्यात निघून गेला. शहरातले धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत. त्यानंतरच्या बातम्यांत पुन्हा तेच कोडं: इतकं नाव असलेलं शहर इतकं रिकामं कसं, आणि दुरुस्तीला पैसा का नाही?

आधी आकडे बघू. १९५० च्या जनगणनेत सेंट लुईस शहराची लोकसंख्या ८,५६,७९६ होती. २०२० मध्ये ती ३,०१,५७८ झाली. म्हणजे तीन माणसांमागे जवळपास दोन माणसं गेली. पण त्याच २०२० मध्ये नदीच्या दोन्ही तीरांवरच्या सगळ्या उपनगरांसह धरलेल्या सेंट लुईस महानगर परिसरात सुमारे २८ लाख लोक राहत होते. शहर आटलं आणि पसरलं, दोन्ही एकाच वेळी. हे कसं झालं हे समजायला नदीपासून सुरुवात करावी लागते, कारण मुळात हे गाव तिथे आहे ते नदीमुळे.

नदीने दिलेली जागा

मिसिसिपी उत्तरेकडून दक्षिणेकडे अमेरिकेच्या मधोमध वाहते. रॉकी पर्वतातून निघालेली मिसूरी पश्चिमेकडून येऊन तिला मिळते. मिसूरीचं पाणी इतकं गढूळ असतं की संगमानंतर बऱ्याच अंतरापर्यंत नदीत दोन पट्टे शेजारी शेजारी वाहताना दिसतात, एक मातकट आणि एक त्यामानाने निवळ. या संगमाच्या थोडं खाली, पश्चिम काठावर, सेंट लुईस आहे.

ही जागा मोक्याची आहे हे फ्रेंचांच्या सातशे वर्षं आधी इथल्या मूळ लोकांना कळलं होतं. नदीपलीकडे काहोकिया नावाची त्यांची नगरी होती. इसवी सन १०५० ते १२०० या काळात ती भरात होती, आणि तिथे दहा ते वीस हजार माणसं राहत असावीत असा अंदाज आहे. मातीचे प्रचंड चौथरे रचून त्यावर ते इमारती बांधत. त्यातला सर्वांत मोठा चौथरा तीस मीटर उंच आहे आणि तो आजही उभा आहे. नदीच्या अलीकडे, सेंट लुईसच्या जमिनीवरही असे चौथरे होते. गोऱ्या वसाहतीने त्यातले जवळपास सगळे सपाट केले. सर्वांत मोठा १८६९ मध्ये गेला आणि त्याची माती रेल्वेच्या भरावात टाकली.

फ्रेंच गाव १७६४ चं. न्यू ऑर्लीन्सहून आलेला व्यापारी पिएर लाक्लेद आणि त्याच्याबरोबरचा जेमतेम चौदा वर्षांचा ऑग्युस्त शूतो यांनी ते वसवलं. धंदा जनावरांच्या कातड्यांचा, आणि माल आणून देणारे मुख्यतः ओसेज जमातीचे लोक. जागा निवडताना लाक्लेदने अक्कल वापरली. चुनखडीच्या दगडाचा उंचवटा निवडला, पुरात बुडणार नाही इतका उंच आणि होडीतून माल चढवता येईल इतका बेताचा. गंमत म्हणजे फ्रेंच राजाचं नाव देऊन गाव वसवलं तेव्हा ती जमीन फ्रान्सची राहिलीच नव्हती. १७६२ मध्ये गुप्त तहाने ती स्पेनला देऊन टाकलेली होती, गावकऱ्यांना बातमी उशिरा पोचली. १८०३ मध्ये अमेरिकेने हा सगळा प्रदेश दीड कोटी डॉलरला विकत घेतला.

ऑगस्ट १८१७ मध्ये पहिली वाफेची बोट धक्क्याला लागली आणि तिथून खरी वाढ सुरू झाली. त्याआधी न्यू ऑर्लीन्सहून प्रवाहाविरुद्ध माल आणायचा म्हणजे दोर आणि बांबूंच्या जोरावर माणसांनी बोट ओढत आणायची. त्याला तीन-चार महिने लागत. वाफेने ते काम आठवड्यांवर आणलं.

आता बोट सेंट लुईसलाच का थांबायची? कारण इथून खाली नदी खोल आहे आणि वर उथळ, खडकाळ. समुद्राकडून आलेली मोठी बोट इथे रिकामी व्हायची आणि माल लहान बोटींत भरून वरच्या नद्यांमध्ये जायचा. माल जिथे एका वाहनातून दुसऱ्यात जातो तिथे गोदाम लागतं, हमाल लागतात, दलाल, विमावाला, सावकार, बोट दुरुस्त करणारा लोहार, खाणावळ आणि दारूचा गुत्ताही लागतो. आजही फरक तोच आहे. मिसिसिपीवरचं सर्वांत खालचं लॉक, म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करून बोटी पुढे सोडणारा दरवाजा, सेंट लुईसच्या जरासं वर आहे. त्याच्या खाली थेट समुद्रापर्यंत एकही नाही.

इथल्या धक्क्याची रचना बघण्यासारखी. नदीची पातळी उन्हाळा-पावसाळ्यात दहा मीटरहून जास्त वरखाली होते, त्यामुळे सरळ उभी भिंत बांधून उपयोग नव्हता. म्हणून काठापासून रस्त्यापर्यंत दगड बसवलेला लांबलचक उतार केला. पाणी कुठेही असो, बोट नाक पुढे करून उतारावर टेकायची, फळी टाकायची आणि उतरवणं सुरू. १८५० च्या सुमारास अशा बोटी दीड किलोमीटरभर एकमेकींना खेटून उभ्या असायच्या. याचा धोका १७ मे १८४९ च्या रात्री कळला. ‘व्हाइट क्लाउड’ नावाच्या बोटीला आग लागली, ती एकीवरून दुसरीवर गेली, २३ बोटी जळाल्या आणि बरोबर चारशेहून जास्त इमारती गेल्या. त्याच उन्हाळ्यात कॉलऱ्याने शहरातली दहातली जवळपास एक व्यक्ती नेली. तरी १८४० ची १६,४६९ ही लोकसंख्या १८६० मध्ये १,६०,७७३ झाली. जर्मन आणि आयरिश येतच राहिले. जर्मनांना तर शहराखालच्या चुनखडीच्या गुहा म्हणजे बर्फाच्या बरोबरीने थंडगार कोठारं मिळाली. तिथला बिअरचा धंदा त्या गुहांतून उभा राहिला.

एक गोष्ट मात्र या भरभराटीच्या चित्रातून सहसा गाळली जाते. सेंट लुईस ज्या राज्यात आहे त्याचंही नाव मिसूरीच, आणि ते गुलामगिरीचं राज्य होतं. सेंट लुईसच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर माणसांचे लिलाव झाले, आणि त्याच न्यायालयात १८४६ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी दावा लावला. १८५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि देश यादवीच्या आणखी जवळ गेला.

नदी निघून जाणार होती

१८३० च्या दशकात सेंट लुईससमोर भलतंच संकट आलं. मिसिसिपीचा मुख्य प्रवाह इलिनॉयच्या बाजूला सरकायला लागला आणि धक्क्यासमोर वाळूचं बेट साठायला लागलं. असंच चालू राहिलं असतं तर बंदर कोरडं पडलं असतं.

सैन्याने एक तरुण इंजिनिअर पाठवला, रॉबर्ट ली. हा तोच ली, जो पुढे यादवीत दक्षिणेचा सेनापती झाला. त्याने वाळू उपसली नाही, ते काम नदीकडूनच करून घेतलं. पलीकडच्या काठाकडून ब्लडी आयलंड या बेटापर्यंत बांध घालायचा, बेटाचा काठ पक्का करायचा, म्हणजे प्रवाहाला तिकडे जायला जागा राहणार नाही आणि तो सेंट लुईसच्या बाजूला वळून वाळू स्वतःच वाहून नेईल. १८३७ पासून तीन वर्षांत त्याने जेवढं केलं तेवढ्याने वाळू हलायला लागली. मग केंद्राचा निधी आटला, इलिनॉयच्या जमीनमालकांनी कोर्टातून मनाई आणली आणि उरलेलं काम पुढे रेंगाळत पूर्ण झालं. पण बंदर वाचलं. नदीकाठचं शहर नदीमुळे टिकतं असं आपण म्हणतो. इथे पैसा आणि इंजिनिअर लावून नदीला शहरापाशी टिकवून ठेवलं.

“पण शिकागोने सेंट लुईसचा धंदा पळवला, म्हणून ते पडलं ना?”

हे उत्तर सगळीकडे ऐकायला मिळतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

सेंट लुईसच्या व्यापाऱ्यांचा जीव बोटींत अडकलेला होता. शिकागोने रेल्वेवर पैसा लावला. १८५६ मध्ये इलिनॉयमधल्या रॉक आयलंडला मिसिसिपीवरचा पहिला रेल्वेपूल झाला. त्यानंतर काही दिवसांतच ‘एफी ॲफ्टन’ ही बोट त्या पुलावर आदळून जळाली. बोटवाल्यांनी पूल म्हणजे नदीतला अडथळा आहे म्हणून खटला भरला आणि त्यांच्या पाठीशी सेंट लुईसचे बोटमालक उभे राहिले. पूल कंपनीच्या वकिलांत अब्राहम लिंकन होते. ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि पूल राहिला. मग १८६१ ला यादवी सुरू झाली, दक्षिणेकडचा नदीमार्ग बंद पडला आणि त्या काळात शिकागोने जी आघाडी घेतली ती पुन्हा सुटली नाही.

सेंट लुईसला स्वतःचा पूल मिळायला १८७४ उजाडावं लागलं. जेम्स ईड्स हा बुडालेल्या बोटींचा माल वर काढणारा माणूस. बुडी घेऊन नदीच्या तळावर चालण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. पूल त्याने कधी बांधला नव्हता, पण तळाची वाळू पुरात किती खोलवर हलते हे त्याला ठाऊक होतं, म्हणून पाया थेट खडकावर नेण्याचा त्याचा हट्ट होता. त्यासाठी तळ नसलेली अवजड पेटी नदीत उतरवायची, आत दाबाखाली हवा भरायची म्हणजे पाणी आत येत नाही, आणि कामगारांनी आत राहून वाळू उपसत तिला खाली खाली न्यायचं. खडक पाण्याच्या पातळीपासून तीस मीटरच्या आसपास खाली लागला. वर येताना हवेचा दाब झपाट्याने कमी झाला की रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात. सांधे आखडतात, लकवा होतो, जीव जातो. हे कारण तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. डझनाहून जास्त कामगार मेले. पूल बांधून झाल्यावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्यावरून हत्ती चालवला, कारण कच्च्या पुलावर हत्ती पाय ठेवत नाही असा समज होता. पूल आजही वापरात आहे. त्याची कंपनी मात्र वर्षभरात बुडाली.

पण शिकागोच्या गोष्टीतला गाळलेला भाग असा, की मागे पडूनही सेंट लुईस पडलं नाही. १८७० च्या जनगणनेत त्याने ३,१०,८६४ लोकसंख्या सांगून शिकागोला मागे टाकल्याचा दावा केला. तो आकडा फुगवलेला होता असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि दहा वर्षांनी खरी परिस्थिती दिसली: सेंट लुईस साडेतीन लाख, शिकागो पाच लाख. तरी १९०० मध्ये ५,७५,२३८ लोकसंख्येचं हे अमेरिकेतलं चौथ्या क्रमांकाचं शहर होतं. १९०४ मध्ये इथे जागतिक प्रदर्शन भरलं आणि त्याच वर्षी अमेरिकेतलं पहिलं ऑलिंपिकही इथेच झालं. शिकागोमुळे ते दुसरं झालं असेल. रिकामं झालं ते पुढच्या शतकात, आणि त्याचं मूळ १८७६ च्या एका मतदानात आहे.

१८७६ ची वाटणी

इथे एकच शब्द समजून घ्यायचा: काउंटी. हे आपल्या जिल्ह्यासारखं एकक आहे, पण तिचं सरकार लोक निवडतात आणि न्यायालय, तुरुंग, रस्ते, मालमत्तेचं मूल्यांकन ही कामं ती बऱ्याच अंशी स्वतःच्या करातून करते. शहरं सहसा काउंटीच्या पोटात असतात.

सेंट लुईस शहर तेव्हा सेंट लुईस काउंटीत होतं. काउंटीतली दहातली नऊ माणसं शहरात राहायची, कर बहुतेक शहराचा आणि खेड्यांतले रस्ते त्यातून व्हायचे. काउंटीचा कारभार भ्रष्ट अशी ओरड होतीच. शहरवाले म्हणू लागले, या खेडवळांचा भार आम्ही का वाहायचा? राज्याच्या १८७५ च्या नव्या घटनेने वेगळं होण्याची मुभा दिली. २२ ऑगस्ट १८७६ ला मतदान झालं. पहिल्या मोजणीत प्रस्ताव पडला. फेरमोजणीत गैरप्रकार सापडल्याचं सांगून तो मंजूर ठरला. तिथले लोक आजही त्याला ‘ग्रेट डिव्होर्स’ म्हणतात.

शहराने जाताना हात राखून घेतलं नाही. १८ चौरस मैलांचं शहर ६१ चौरस मैलांचं करून घेतलं, म्हणजे आजच्या मापाने १६० चौरस किलोमीटर. पश्चिमेला फॉरेस्ट पार्क, त्यापलीकडे शेतं. एवढी जमीन कधी भरणारच नाही असंच सगळ्यांना वाटलं.

आपल्याकडे भावाभावांत वाटणी होते तेव्हा थोरला गावठाणातला वाडा आणि बाजाराजवळची दुकानं घेतो आणि माळरान धाकट्याच्या गळ्यात मारतो. पुढे त्या माळरानावरून हायवे जातो. सेंट लुईसचं नेमकं हेच झालं, फक्त वाटणीचा कागद कायमचा पक्का होता. शहर आता स्वतःच एक काउंटी झालं होतं. त्यामुळे हद्दवाढ करायची म्हणजे दुसऱ्या काउंटीची जमीन घ्यायची, आणि त्याला त्या काउंटीच्या मतदारांची संमती लागणार. गेली दीडशे वर्षं ती मिळालेली नाही.

रेषेपलीकडे काय काय गेलं

वाटणीनंतर काउंटीकडे कचेरीसुद्धा उरली नव्हती. राल्फ क्लेटन नावाच्या शेतकऱ्याने शंभर एकर दिले आणि त्यावर न्यायालय उभं राहिलं. तेच आजचं क्लेटन. तिथे बँका, वकील आणि विमा कंपन्यांचे उंच मनोरे आहेत, शहराच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर. त्यांचा कर शहराला मिळत नाही.

आधी ट्राम आणि मग मोटारी आल्या आणि माणसं रेषा ओलांडू लागली. सगळ्यांना ओलांडू दिलं नाही, हे महत्त्वाचं. १९१६ मध्ये शहराने मतदान घेऊन कृष्णवर्णीयांना ठरावीक गल्ल्यांतच राहण्याची सक्ती केली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द ठरवले. मग घरांच्या खरेदीखतांत अटी घातल्या गेल्या की हे घर कृष्णवर्णीयाला विकायचं नाही. त्या अटी न्यायालयं अमलात आणणार नाहीत असा निकाल १९४८ मध्ये लागला, तोही सेंट लुईसच्याच लॅबडी ॲव्हेन्यूवरच्या एका घराच्या खटल्यात. तोपर्यंत केंद्र सरकारच्या गृहकर्ज विम्याने आपलं काम केलं होतं. गोऱ्यांच्या नव्या उपनगरांना सहज कर्ज मिळे आणि शहरातल्या कृष्णवर्णीय वस्त्या नकाशावर ‘धोकादायक’ म्हणून रंगवल्या जात. आज शहरातल्या डेलमार रस्त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला घरांच्या किमती, शिक्षण, आयुर्मान सगळ्यात जो फरक दिसतो त्याची मुळं इथे आहेत.

शहराने यावर जे उपाय केले त्यांनी घाव वाढवला, हे माझं मत आहे आणि ते मी लपवत नाही. १९३९ पासून नदीकाठचे चाळीसएक ब्लॉक, म्हणजे चार रस्त्यांमधले इमारतींचे चौकोन, पाडून टाकले. ज्या धक्क्यावर शहर उभं राहिलं त्याच्या मागचं सगळं जुनं बांधकाम गेलं आणि कित्येक वर्षं तिथे गाड्या उभ्या राहत. १९६५ मध्ये त्या जागेवर १९२ मीटर उंचीची स्टीलची कमान, गेटवे आर्च, पुरी झाली. कमान सुंदर आहे, वाद नाही. १९५९ मध्ये मिल क्रीक व्हॅली ही कृष्णवर्णीयांची भरलेली वस्ती पाडायला घेतली आणि सुमारे वीस हजार लोक उठवले. त्यातले काही प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीत गेले. अकरा मजली ३३ इमारती, १९५० च्या दशकात बांधलेल्या. भाड्यातून देखभाल करायची होती, पण शहरातून माणसं जातच होती, भाडं येईना, लिफ्ट बंद, पाइप फुटलेले. १९७२ मध्ये पाडायला सुरुवात झाली आणि चार वर्षांत सगळं भुईसपाट.

उत्तर भागात आजही लाल विटांची घरं ओळीने रिकामी आहेत. शहराखालची माती विटांसाठी उत्तम, म्हणून अख्खं शहर विटांचं. ही विट इतकी चांगली की रिकाम्या घरांच्या भिंती चोर रातोरात काढून नेतात आणि विटा दक्षिणेकडच्या शहरांत विकल्या जातात. चोरीला गेलेलं घर अशी तक्रार तिथे खरोखर करता येते.

महाराष्ट्राचा या रेषेशी एक धागा आहे. जालन्याच्या महिको कंपनीबरोबर बीटी कापूस भारतात आणणारी मोन्सँटो ही सेंट लुईसची कंपनी म्हणून ओळखली जाते. २००२ मध्ये परवानगी मिळालेलं ते बियाणं विदर्भ-मराठवाड्याच्या शेतात पोचलं. पण मोन्सँटोचं मुख्यालय क्रीव्ह कूर या गावात होतं, काउंटीत. २०१८ मध्ये बायरने कंपनी घेतली, तरी तो कारभार तिथेच राहिला. भारतीयांचं मोठं हिंदू मंदिरसुद्धा शहरात नाही, पश्चिमेकडच्या उपनगरात आहे. उलट लॅम्बर्ट विमानतळ मालकीने शहराचा, पण जागा काउंटीत.

“डेट्रॉइटही असंच ओसाड झालं की. तिथे कुठली रेषा होती?”

हा आक्षेप बरोबर आहे. डेट्रॉइट १९५० मध्ये १८,४९,५६८ वर होतं, २०२० मध्ये ६,३९,१११ वर आलं. टक्क्यांत पाहिलं तर घट सेंट लुईसइतकीच. म्हणजे १८७६ च्या रेषेने माणसांना बाहेर ढकललं असं म्हणता येत नाही. कारखाने बंद होणं, महामार्ग, वंशभेद आणि स्वस्त कर्ज यांनी ते मिडवेस्टमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागातल्या, अनेक शहरांत केलं.

मग रेषेने काय केलं? ते बघायला मिसूरीचंच दुसरं नदीकाठचं शहर घ्या, कॅन्सस सिटी. तिथल्याही जुन्या मध्यवस्तीतून माणसं गेली. पण दुसऱ्या महायुद्धानंतर त्या शहराने हद्दवाढीचा सपाटा लावला आणि आज ते ८०० चौरस किलोमीटरवर पसरलं आहे. माणसं गेली ती बरीचशी शहराच्याच नव्या भागात गेली. १९५० ची ४,५६,६२२ लोकसंख्या २०२० मध्ये ५,०८,०९० झाली. गेलेल्या माणसाचा कर शहरातच राहिला. सेंट लुईसमध्ये माणूस पाच किलोमीटर सरकला की त्याचा मालमत्ता कर, विक्रीकर आणि मतही गेलं. जुने रस्ते, गटारं, निवृत्त कर्मचाऱ्यांची पेन्शन मात्र आठ लाखांच्या शहराची, आणि ती भरणार तीन लाख.

म्हणूनच सेंट लुईसमध्ये पगारावर एक टक्का कर आहे. तो शहरात राहणाऱ्यांना लागतो आणि बाहेर राहून शहरात कामाला येणाऱ्यांनाही. काउंटीतला माणूस त्याला वैतागतो. शहर म्हणतं, रस्ते आमचे वापरता ना? दर पाच वर्षांनी मतदारांना तो पुन्हा मंजूर करावा लागतो.

मग गुन्ह्यांची यादी खरी की खोटी?

आकडे खरे असतात, तुलना फसवी असते. गुन्ह्यांचा दर म्हणजे गुन्हे भागिले रहिवासी. सेंट लुईसचा भाजक फक्त तीन लाख, आणि त्या तीन लाखांत जुन्या शहराचा सर्वांत गरीब भाग आहे. बाहेरून रोज कामाला, सामन्याला, दवाखान्याला येणारे भाजकात नाहीत. इतर शहरांच्या हद्दीत त्यांची शांत, श्रीमंत उपनगरंही येतात आणि सरासरी खाली ओढतात.

पण यावरून गुन्हे म्हणजे निव्वळ हिशेबाचा खेळ असं काउंटीतल्या सुखवस्तू घरात बसून म्हणणं मला पटत नाही. २०२० मध्ये शहरात २६३ खून झाले. २०२४ मध्ये ते १५० वर आले, ही मोठी घट आहे. पण ते खून शहराच्या उत्तर भागात एकवटलेले आहेत, आणि तिथल्या आईला भाजक बदलल्याने काही फरक पडत नाही.

“मग पुन्हा एकत्र का होत नाहीत?”

प्रयत्न झाले. १९२६ मध्ये काउंटीवाल्यांनी एकत्रीकरण साफ नाकारलं. १९५९ आणि १९६२ च्या योजनाही पडल्या. अडचण नुसत्या शहर-काउंटीची नाही. काउंटीतच जवळपास नव्वद स्वतंत्र नगरपालिका आहेत, काहींची वस्ती काही शेकड्यांत, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी स्वतःचे पोलीस आणि स्वतःचं न्यायालय. ऑगस्ट २०१४ मध्ये फर्ग्युसनला पोलिसाच्या गोळीने मायकेल ब्राउन हा तरुण गेला आणि जगाला हे नाव कळलं. ते फर्ग्युसन अशीच एक छोटी नगरपालिका. केंद्रीय न्याय खात्याने पुढच्या वर्षी अहवालात दाखवून दिलं की तिथे दंड वसूल करून तिजोरी भरणं हे पोलिसांचं कामच होऊन बसलं होतं, आणि तो दंड प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या खिशातून येत होता.

एकत्र येण्याला विरोध फक्त गोऱ्या उपनगरांचाच आहे असं मानणंही भोळेपणाचं. शहरातल्या कृष्णवर्णीय नेत्यांनाही शंका आहे. कष्टाने मिळालेली राजकीय ताकद मोठ्या मतदारसंघात पातळ होईल, ही भीती निराधार नाही. २०१९ मध्ये एक मोठी योजना आली. तिचं मतदान शहर आणि काउंटीपुरतं न घेता पूर्ण मिसूरी राज्यात घ्यायचं ठरलं होतं, म्हणजे शेकडो किलोमीटरवरचा शेतकरीही सेंट लुईसचं भवितव्य ठरवणार. त्यावरून रान उठलं. त्यातच काउंटीचे जे प्रमुख एकत्रित शहराचे पहिले महापौर व्हायचे होते ते भ्रष्टाचाराच्या खटल्यात अडकून पायउतार झाले. योजना मे महिन्यात मागे घेतली.

राज्याचा हात तसा नवा नाही. यादवी सुरू होताना १८६१ मध्ये शहराचे पोलीस राज्याने आपल्या ताब्यात घेतले आणि ते शहराला परत मिळाले २०१३ मध्ये. मार्च २०२५ मध्ये नवा कायदा करून राज्याने ते पुन्हा आपल्या मंडळाकडे नेले. पगाराचा मोठा भार मात्र शहराच्याच तिजोरीवर.

तरी काही गोष्टी दोघं मिळून चालवतात आणि त्या चांगल्या चालतात. सांडपाण्याची व्यवस्था १९५४ पासून एकत्र आहे, कारण मैला हद्द बघून वाहत नाही. फॉरेस्ट पार्कमधलं प्राणिसंग्रहालय आणि कला संग्रहालय यांना १९७० च्या दशकापासून शहर आणि काउंटी दोन्हीकडून कर जातो आणि दोन्हींत प्रवेश फुकट आहे.

विलीनीकरणापेक्षा सौम्य एक मार्गही आहे. शहराने काउंटीत एक साधी नगरपालिका म्हणून परत जायचं, आपला महापौर आणि नगरसेवक ठेवायचे, तुरुंग आणि न्यायालयं काउंटीला द्यायची. राज्यघटनेत त्यासाठी एकोणीस जणांच्या मंडळाची तरतूद आहे: नऊ शहराचे, नऊ काउंटीचे आणि एक राज्यपालांनी नेमलेला. २०१९ मध्ये पुरेशा सह्या जमल्या आणि असं मंडळ नेमायचं ठरलं. काउंटीने आपली नऊ नावं दिली. शहराच्या नगरसेवकांत आपल्या नऊ नावांवरूनच वाद सुरू झाला आणि मंडळाचं काम तिथेच अडलं.